एका जुन्या साडीतून बाळंतविडा: पहिल्यांदाच सुई हातात घेणाऱ्यांसाठी

भाचीला सातवा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला. "आत्या, आजीची ती हिरवी नऊवारी तुझ्याकडेच आहे ना? बाळाला तिचंच काहीतरी शिव. बाकीचं मी बाजारातून आणेन." साडी माझ्याच ट्रंकेत होती. आईने कितीतरी वर्षं नेसलेली, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली सुती साडी. त्या एका साडीतून बाळंतविड्यातलं बरंच काही निघालं: एक गोधडी, दोन दुपटी, दोन झबली, दोन लंगोट, तीन टोपडी. सगळं हातशिलाईचं.

ते कसं केलं हे क्रमाने सांगते. शर्टाचं तुटलेलं बटण लावण्यापलीकडे ज्यांनी कधी सुई धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शिवणाचा क्लास लागत नाही, मशीन लागत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पहिल्या शिवणासाठी नवं कापड विकत आणू नका. घरातलं जुनं, मऊ पडलेलं सुती कापड घ्या.

याला कारणं आहेत. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज. जुनं काय आटायचं ते आटून बसलेलं असतं. त्याचा सुटणारा रंग सुटून गेलेला असतो, खळ केव्हाच निघून गेलेली असते. सुई त्यात लोण्यात जावी तशी जाते, आणि शिकणाऱ्याच्या बोटांना हे फार मोठं सुख आहे. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला जुन्याच कपड्यांत गुंडाळायची रीत आहे, नवं अंगावर येतं ते बाराव्या दिवशी. नवजात बाळाच्या कातडीचा विचार केला तर ही रीत अगदी शहाणपणाची वाटते.

साडी सुती आहे का, हे आधी बघा

'कॉटन' म्हणून घेतलेल्या कितीतरी साड्यांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं. हाताला कळत नाही. पदराच्या टोकाचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा ओट्यावर काडी लावून पाहा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. उभे आणि आडवे असे दोन्ही धागे तपासा, कारण कधी कधी एक सुती आणि दुसरा मिश्र असतो.

इरकल साडी असेल तर जास्त काळजी घ्या. तिचं अंग सुती असलं तरी काठ आणि पदर रेशमाचे किंवा रेयॉनचे असतात. ते वेगळ्या मापाने आटतात आणि लवकर निसटतात. असा काठ वेगळा काढून ठेवा, गोधडीच्या पोटात घालू नका. जरीचा काठ तर बाळाच्या वस्तूंना नकोच, तो टोचतो.

आता साडी उजेडासमोर धरा. खिडकीत उभं राहून हातभर-हातभर सरकवत न्यायची. जिथे कापड विरलं आहे तिथे जाळी दिसते. नऊवारीत कासोट्याचा आणि निऱ्यांचा भाग आधी विरतो, सहावारीत पायाशी घासणारा खालचा काठ. विरलेल्या जागेभोवती खडूने गोल करा. ते कापड टाकायचं नाही. गोधडीच्या आतल्या थरांत ते चालतं. झबल्याला आणि गोधडीच्या वरच्या थराला मात्र धड कापडच हवं.

धुणं, आणि डांबराच्या गोळ्यांबद्दल

ट्रंकेतल्या साडीला बहुतेक वेळा डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं: त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन नवजात बाळांना घातक ठरू शकतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला नॅप्थलीनचा वास लागलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे घरात कुणाला आधी माहीत नसतं. म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत साडी पुन्हा पुन्हा धुवा आणि प्रत्येक वेळी कडक उन्हात वाळवा. चार-पाच धुण्यांनंतरही वास राहिला तर ती साडी बाळासाठी वापरू नका, दुसरी बघा. शिवून झालेले कपडेही गोळ्यांत ठेवायचे नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला एका पुरचुंडीत बांधून ठेवला तरी पुरतो.

शेवटचं धुणं गरम पाण्यात, साध्या साबणाने करा. सुगंधी द्रव, नीळ, खळ काही नको. वाळल्यावर एक पांढरा रुमाल ओला करून साडीवर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर आणखी धुवा. मग इस्त्री करा. बेतण्याआधी इस्त्री केली नाही तर मापं चुकतात, आणि चुकलेलं माप शिवताना लपत नाही.

एका साडीचा हिशेब

एक वार म्हणजे ३६ इंच. नऊवारी म्हणजे ३२४ इंच लांबी. माझ्याकडच्या साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच होता. मी लांबी अशी वाटली:

गोधडीचे ५ थर, प्रत्येकी ३६ इंच: १८० इंच
दुपटी २, प्रत्येकी ४५ इंच: ९० इंच
झबली २ (पन्ह्यात शेजारी शेजारी): २४ इंच
लंगोट २ (तेही शेजारी शेजारी): २० इंच
टोपडी ३: साडेसात इंच

बेरीज ३२४च्या आत, ३२१.५ इंच. दोन-अडीच इंच हातात राहतात. तुमच्याकडे सहावारी असेल तर तिचे २१६ इंच. त्यात गोधडीचे पाच थर काढले तर ३६ इंचच उरतात, दुपटंही बसत नाही, म्हणून आतल्या थरांसाठी जुनं धोतर, सुती ओढणी किंवा मऊ पडलेली चादर जोडीला घ्या. विरलेले भाग कुठे आहेत ते पाहून हा क्रम मागेपुढे करा. दुपट्यांचं आणि झबल्यांचं कापड आधी धड भागातून काढायचं, गोधडीचे आतले थर शेवटी.

कापड कात्रीने सरळ कापणं नवख्याला जमत नाही. त्यापेक्षा फाडा. कडेला कात्रीने इंचभर चीर द्या, दोन्ही बाजू हातात घट्ट धरा आणि ओढा. साधी वीण असलेलं सुती कापड धाग्याला धरून अगदी सरळ फाटतं. फार विरलेलं असेल तर वेडंवाकडं जातं, तिथे एक धागा ओढून काढा आणि त्या रिकाम्या रेघेवरून कात्री चालवा.

दुपट्यांच्या तुकड्यांचे दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच इंचांचे काठ उभे फाडून घ्या. ९० इंच लांबीचे दोन काठ म्हणजे १८० इंच पट्टी झाली. गोधडीचा घेर १६२ इंच आहे. तिची चारी बाजूंची किनार या काठातून निघते.

सुई, दोरा आणि तीन टाके

हातशिलाईच्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. कपड्यांना ८ किंवा ९ नंबर घ्या. गोधडीला लांब आणि जरा जाड सुई हवी. पोती शिवायचा दाभण घेऊ नका, तो मऊ कापडाला भोकं पाडतो. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो आणि वर्षादोनवर्षांत जुन्या कापडाला आतून कापत जातो. कात्री, टेप, खडू, थोडं मेण आणि मधल्या बोटात घालायला अंगुस्तान, इतकं सामान पुरतं. अंगुस्तानाचा पहिले दोन दिवस त्रास वाटतो. तरी काढू नका. पाच थरांतून सुई रेटताना त्याच्यावाचून बोट सोलवटतं.

दोरा कोपरापर्यंतच्या हाताएवढा तोडा, साधारण १८ इंच. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण तो पिळतो, गुंततो आणि अर्ध्यातच तुटतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर गुंता बराच कमी होतो.

टाके तीनच शिका. धावदोरा: सुई वर-खाली, वर-खाली, सारख्या अंतराने. गोधडी पूर्ण याच टाक्याची. उलटी टीप: एक टाका पुढे, मग अर्धा मागे येऊन पुन्हा पुढे. ताण येतो तिथे, म्हणजे झबल्याच्या बगलेत आणि बंद लावताना ही टीप घालायची, कारण धावदोरा तिथे उसवतो. तिसरं हेम: दुमडलेल्या कडेला तिरके, बारीक टाके, उलट्या बाजूचा एखादाच धागा उचलून, म्हणजे सुलट बाजूने जवळजवळ काही दिसत नाही. एखाद्या चिंधीवर तिन्ही टाक्यांच्या दहा-दहा ओळी घाला. एक संध्याकाळ जाते, पण दहाव्या ओळीपर्यंत हात बसतो.

दुपट्यापासून सुरुवात

दुपटं म्हणजे चारी बाजूंनी हेम घातलेला तुकडा, एवढंच. कड आधी अर्धा सेंटिमीटर दुमडा, मग त्यावर एक सेंटिमीटरची दुसरी दुमड घाला, इस्त्री फिरवा आणि हेम घालत जा. कोपऱ्यात कापडाचे थर फार साचतात, म्हणून दुमडण्याआधी कोपऱ्याचं टोक तिरकं कापून टाका. पहिल्या दुपट्याच्या पहिल्या बाजूचे टाके मोठे-लहान येतील. ते उसवू नका. चौथ्या बाजूपर्यंत ते आपोआप सारखे होत गेलेले दिसतात.

लंगोटही तसाच. २० इंचांचे चौकोन करा, काठ काढून टाका, चारी बाजूंनी हेम घाला आणि तिरकी घडी घालून त्रिकोण करा. आणखी सांगण्यासारखं त्यात काही नाही.

झबलं

झबल्याला वेगळ्या बाह्या जोडाव्या लागत नाहीत. नवख्याने हाच बेत घ्यावा. काठ वगळून २० इंच रुंद आणि २४ इंच लांब तुकडा घ्या. लांबीत मध्यावर दुमडा, ती घडी म्हणजे खांदे. आता रुंदीतही मध्यावर दुमडा. समोर १० बाय १२ इंचांची चौपदरी घडी दिसेल.

दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यात गळा येतो. कोपऱ्यापासून खांद्यावर दोन इंच आणि खाली अर्धा इंच अशी खूण करून उथळ गोलाई कापा. मग उलगडून फक्त पुढच्या भागाचा गळा दोन इंच खोल करा. चौपदरीवरच दोन इंच खोल कापला तर मागचा गळा पाठीवर उतरतो. हे पहिल्या झबल्यात जवळजवळ प्रत्येकाकडून होतं, म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्रावर बेतून बघा.

बाहीसाठी बाहेरच्या कडेला, खांद्याच्या घडीपासून चार इंच खाली खूण करा. तिथून आत चार इंच जा आणि मग सरळ खाली. तो बाहेरचा तुकडा कापून टाका. बगलेचा कोपरा टोकदार ठेवू नका, बोटाच्या टोकाएवढी गोलाई द्या आणि शिवून झाल्यावर तिथे कात्रीने दोन-तीन बारीक चिरा द्या, टीप न कापता. नाहीतर बगलेत कापड ओढलं जातं. पाठीचा भाग मधोमध वरपासून खालपर्यंत कापा. झबलं मागून उघडं असलं की बाळाची मान न हलवता हात आत सरकवता येतात.

बाजूच्या शिवणी दुहेरी घाला. आधी उलट्या बाजू आत ठेवून, म्हणजे सुलट बाजूनेच, कडेला लागून धावदोरा. मग झबलं उलटं करून त्याच शिवणीवर उलटी टीप, पहिली कड आत दडेल अशी. काम दुप्पट होतं, पण आत एकही सुटा धागा राहत नाही. हे नुसतं दिसण्यासाठी नाही. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही.

गळ्याला तिरक्या कापडाची सव्वा इंची पट्टी लावा. आडव्या-उभ्या धाग्याला धरून काढलेली पट्टी गोलाईवर वळत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरकी काढलेली उरेब पट्टी वळते. बंद पाठीवर, छातीच्या उंचीला, एक जोडी पुरे. गळ्याशी नाडी नको. बटणं, टिचबटणं, मणी, टिकल्या काही नको. ते तुटतं आणि तोंडात जातं.

टोपडं मी अगदी सोपं केलं: १३ बाय ७ इंचांची पट्टी. एका लांब बाजूला हेम, ती कपाळावर येते. दुसऱ्या लांब बाजूला धावदोरा घालून दोरा ओढायचा, चुण्या पडून मागे गोल होतं, मग त्या चुण्यांवर दोन-तीन वेळा घट्ट टाके घालायचे. उरलेल्या दोन आखूड बाजूंना हेम आणि छोटे बंद. कुंचीचा मोह मला झाला होता. खणाची कुंची बारशात फार गोड दिसते. पण खणाचं कापड निसटतं, तिची झालर आणि गोलाई अवघड असते. ती दुसऱ्या बाळाच्या वेळेला.

गोधडी

आता मुख्य काम. आमच्या भागात हिला वाकळ म्हणतात. मोठ्या माणसांच्या वाकळीत सात-आठ थरही घालतात. बाळाच्या गोधडीला पाच पुरेत. त्याहून जास्त घातले तर नवख्याच्या हाताने सुई सरळ जात नाही, आणि धुतल्यावर गोधडी दोन दिवस वाळत नाही.

माझी पहिली वाकळ, तीस वर्षांपूर्वीची, पूर्ण शिवून झाल्यावर उलटी केली तेव्हा खालच्या थराला चुण्याच चुण्या पडलेल्या होत्या. कच्चे टाके घालायचा मला कंटाळा आला होता. सगळी उसवली. आठ दिवसांचं काम दोन संध्याकाळी गेलं, आणि कापडाला पडलेली भोकं तशीच राहिली. आईने एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पुढच्या वेळी थर अंथरताना ती स्वतः शेजारी येऊन बसली. तिने तेव्हा जे दाखवलं, तेच खाली लिहिते आहे.

पहिलं म्हणजे जमीन. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर, पंखा बंद करून, सर्वांत खालचा थर सुलट बाजू खाली करून अंथरा. चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा, मी वरवंटा, दोन पाट आणि पितळी डबा ठेवला. त्यावर आतले तीन थर एकेक करून. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडांकडे तळहाताने सारवल्यासारखा हात फिरवायचा. विरलेल्या जागा एकावर एक येऊ देऊ नका. थराची दिशा फिरवून पाहा. थर तुकड्यांचे असतील तर तुकडे एकमेकांवर चढवू नका, नुसते कडेला कड भिडवून ठेवा, नाहीतर तिथे वळ उठतो आणि तो बाळाच्या पाठीला टोचतो. शेवटी वरचा थर सुलट बाजू वर.

आता कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसतो. मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ, मग तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांच्या अंतराने ओळी. टाके दीड-दोन इंचांचे, सैल. प्रत्येक टाक्याला सुई फरशीला लागल्याचा आवाज यायला हवा. तो आला म्हणजे खालचा थर पकडला गेला. या एका कामाला दोन तास जातात. गुडघे दुखतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी समोरून सुरुवात करायला बसवा. सुई न धरणारी माणसंही हे छान करतात. भाचीच्या नवऱ्याने अर्धी गोधडी अशी टाचली.

मग किनार. काठाची पट्टी अर्धी वर, अर्धी खाली येईल अशी कडेवर दुमडून, दोन्ही कडा आत मोडून घ्या आणि एकाच धावदोऱ्याने सगळे थर धरून शिवा. कोपऱ्यात पट्टी घडी घालून वळवा. कापू नका.

यानंतर खरी शिलाई. जुन्या हाताच्या बायका बाहेरून आत येतात: किनारीला लागून चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन, असं करत मध्यावर पोचतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची गोधडी, म्हणजे कवंदीही, अशीच कडेपासून मध्याकडे जाते, आणि तिच्या चार कोपऱ्यांना कापडी घड्यांची 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. ही रीत फार सुंदर आहे. पण बाहेरून आत येताना जादा कापड मध्यावर गोळा होतं, आणि ते वाटून घ्यायला सवयीचा हात लागतो. पहिल्या गोधडीला मी सरळ उभ्या ओळी सुचवेन. मधल्या ओळीपासून सुरुवात करायची, आधी उजवीकडे शेवटपर्यंत, मग डावीकडे. कापड कडांकडे सरकत जातं आणि मध्ये फुगा येत नाही. अशा वेळी किनार सगळ्या ओळी झाल्यावर लावली तरी चालते, उलट ते सोपं जातं. कच्च्या टाक्यांनी थर धरलेले असतातच.

ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवा. खडूने आखून घ्या, नजरेवर जाऊ नका. ३६ इंच रुंदीत साधारण ३६ ओळी, प्रत्येक ४५ इंचांची. म्हणजे सरळ मोजलं तरी ४५ वार शिलाई. इंचाला चार टाके धरले तर साडेसहा हजारांच्या आसपास टाके होतात. आकडा मोठा वाटतो, पण नवख्या हाताला एक ओळ घालायला पंचवीस मिनिटं लागतात. रोज जेवणानंतर दोन ओळी घातल्या तर अठरा दिवसांत गोधडी होते. मी दोन ओळींवर थांबायचा नियम पाळते. तिसऱ्या ओळीत बोटं थकलेली असतात आणि टाके तिरके जायला लागतात.

गाठ वर दिसू द्यायची नाही. दोऱ्याला बारीक गाठ मारा, सुई वरच्या थरातून इंचभर अलीकडे आत घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलकासा झटका द्या. गाठ 'टक्' करून आत जाते. ओळ संपताना एक छोटी उलटी टीप घाला, सुई थरांमधून दोन इंच आत पळवा, बाहेर काढा आणि दोरा कापडाला लावून कापा. दोरा ओढून ठेवू नका. प्रत्येक वीतभर शिलाईनंतर कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून पाहा, चुण्या पडल्या असतील तर दोरा तेवढ्यात सैल होतो. दर चार-पाच ओळींनंतर गोधडी उलटी करून खालचा थर बघा.

बाळाच्या हाती देण्याआधी

सुया मोजा. मी कामाला बसताना दोनच सुया घेते आणि उठताना दोन्ही डबीत गेल्या की नाही ते पाहते. गोधडीत सुई टोचून ठेवून उठायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. शेवटी गोधडीवर सगळीकडे चुंबक फिरवा आणि दोन्ही तळहातांनी दाबत इंच इंच तपासा. सगळे कच्चे टाके काढा. झबली उलटी करून सुटे धागे कापा.

गोधडी मांडीवर घ्यायला, मालिशीनंतर बाळाला लोळवायला, थोडं मोठं झाल्यावर जमिनीवर पालथं पडू द्यायला आहे. बाळ एकटं झोपलेलं असताना त्याच्या अंगावर किंवा तोंडाजवळ सैल गोधडी, सैल दुपटं ठेवू नये, पहिल्या वर्षात डॉक्टर हेच सांगतात. बंद लावलेलं टोपडंही झोपेत काढून ठेवावं. आजीच्या साडीचं आहे म्हणून अंगावर घातलंच पाहिजे असा हट्ट घरातल्या मोठ्यांनी धरू नये, हे मी भाचीच्या सासूबाईंनाही नीट समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

धुताना गोधडी पिळू नका. साध्या पाण्यात भिजवा, साबणाच्या पाण्यात पायाने हलकं तुडवा, खळबळून काढा आणि कठड्यावर पसरून निथळू द्या. पहिल्या धुण्यानंतर ती इंचभर आवळते आणि टाक्यांच्या मधे बारीक लाटा उठतात. ती बिघडली नाही, अशीच दिसते. पावसाळ्यात पाच थर वाळता वाळत नाहीत, त्यामुळे बाळ आषाढ-श्रावणात येणार असेल तर चैत्र-वैशाखातच शिवायला बसा आणि पावसात दुपट्यांवर भागवा.

सगळं झाल्यावर हिरव्या काठाचा एक वीतभर तुकडा उरला होता. तो धुऊन, इस्त्री करून, गोधडीबरोबर भाचीला दिला आणि जपून ठेवायला सांगितला. बाळ रांगायला लागलं की कोपरे आधी विरतात. तेव्हा ठिगळ त्याच साडीचं लावता येईल.